दादासाठी लायक लाकूड

१९ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. चाळीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासले, त्यामुळे कागदावर पूर्ण तपशील असल्याशिवाय मला चैन पडत नाही. खोटं लांबून ओळखतो, ही माझी ऑफिसातली ख्याती. तर तपशील.

बाळदादा, माझा थोरला भाऊ, वय शहात्तर, राहणार चेंबूर, महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पडला. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, काठी घेऊन रोज चाला, नाहीतर पाय आखडेल आणि मग कायमची खुर्ची. हॉस्पिटलने चार पायांची ॲल्युमिनियमची काठी दिली आहे. दादा तिला हात लावत नाही. म्हणतो, हे टेबल घेऊन मी बागेत जाणार नाही. बागेतल्या बाकावर त्याचे पाच मित्र रोज संध्याकाळी जमतात. महिनाभर त्याची जागा रिकामी आहे. हे सांगताना त्याचे डोळे भरले. मला बघवेना.

म्हणालो, दादा, मी करतो तुला काठी. लाकडाची, कोरीव, मुठीवर सिंह. पंधरा दिवसांत. जानकीवहिनी म्हणाल्या, भाऊजी, दुकानात तयार मिळते की. कलाकुसर आणि बाजारू माल यातला फरक वहिनींना कळावा ही अपेक्षाच चूक. पण दादाचा चेहरा फुलला. सगळ्यांसमोर म्हणाला, "देवाने काठी केली तर चालेन." देवा म्हणजे मी, देवदत्त.

२० जानेवारी
सकाळपासून अकरा व्हिडिओ बघितले. निष्कर्ष: नव्वद टक्के काम लाकूड निवडण्यात आहे. कोरणं हा उरलेला किरकोळ भाग. सुलक्षणाने (पत्नी) विचारलं, तुम्ही आयुष्यात काही कोरलंय का. शाळेत खडूवर ताजमहाल कोरला होता, हे तिला लग्न ठरताना सांगितलं होतं. तो कुठे आहे म्हणाली. खडू टिकत नाही. एवढंही समजू नये.

आमच्या मुलुंडसारख्या उपनगरात लाकूड मिळणार नाही असं म्हणणारे लोक मान वर करून चालत नाहीत, एवढंच.

२५ जानेवारी
हत्यारं आणली. पटाशी, कानस, छोटा रंधा, करवत. रुचिरा (मुलगी, अंधेरीच्या कुठल्याशा ऑफिसात दिवसभर स्क्रीनकडे बघते) म्हणाली, बाबा, आधी लाकूड तरी आणा. या पिढीला पूर्वतयारी हा शब्द ठाऊक नाही.

२९ जानेवारी
पहाटे डोंगराकडे, जंगलाच्या कडेला फिरायला जाणाऱ्यांबरोबर गेलो. हे लोक तिथे टाळ्या वाजवतात आणि मोठमोठ्याने हसतात. मी कामाला गेलो होतो. उत्तम वाळलेली, सरळ फांदी मिळाली. गेटवर गार्डने अडवलं. जंगलातली काडीसुद्धा बाहेर नेता येत नाही म्हणे. मी त्याला दादाच्या खुब्याची पूर्ण केस समजावली. त्याने ऐकून घेतलं आणि फांदी जिथे होती तिथे परत ठेवून यायला सांगितलं. ठेवून आलो. टाळ्यावाले हसत होते. तसे ते रोजच हसतात.

३ फेब्रुवारी
पंधरा दिवस संपले. मुदतवाढ मंजूर केली. चांगल्या कामाला वेळ लागतो, हे दादाला फोन करून सांगितलं. म्हणाला, सावकाश कर. मी बसलोय.

८ फेब्रुवारी
घाटकोपरला लाकडाच्या वखारीत. काठीसाठी साग पाहिजे म्हटल्यावर मालकाने विचारलं, किती घनफूट. मी म्हणालो, एक काठी. त्याने मला खुर्ची दिली आणि मग दीड तास माझ्याकडे बघितलं नाही. ज्या धंद्यात गिऱ्हाइकाला समजून घेतलं जात नाही तो धंदा बुडणार. उठून आलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
नशीब बघा. पाण्याच्या टँकरच्या धडकेने सोसायटीच्या उंबराची एक फांदी तुटली. वाळकी, पाच फूट, मनगटाएवढी. लिफ्ट दुरुस्तीला, आणि चार मजले ती खांद्यावर कोण नेणार? म्हणून लॉबीतल्या कोपऱ्यात, दत्ताच्या तसबिरीच्या बाजूला उभी करून ठेवली. जेवून खाली आलो तर फांदीला हळदकुंकू. झेंडूची माळ. समोर उदबत्ती.

पहिल्या मजल्यावरच्या बायकांचं म्हणणं, औदुंबर स्वतःहून दत्ताजवळ आला. मी म्हणालो, मी आणून ठेवलाय. त्या म्हणाल्या, तुमच्या हातून घडलं, भाग्यवान आहात. सेक्रेटरी धवल शहा चप्पल काढून हात जोडत होते. हा माणूस माझं मेंटेनन्सचं पत्र सहा महिने वाचत नाही. लाकडापुढे मात्र हात जोडतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार
फांदीची आरती झाली. पुढच्या गुरुवारचा प्रसाद आमच्याकडे.

८ मार्च
जोगेश्वरीला जुन्या फर्निचरच्या दुकानांत. एकाने शिसवी पलंगाची दांडी दाखवली. काळी, जड, तुळतुळीत. शिसव मी लगेच ओळखलं. त्यानेही लगेच विकलं. घरी येऊन कानस लावली. काळा रंग निघाला, खाली पिवळट आंब्याचं लाकूड, त्यात किड्यांनी केलेली भोकं. सुलक्षणाने भोकांतून भुकटी पडताना बघितली आणि दांडी जिन्यात नेऊन ठेवली. शिसव नव्हतं हे मला दुकानातच जाणवलं होतं. फक्त खात्री करून घ्यायची होती.

मुदतवाढ मंजूर.

२६ मार्च
दत्ताराम शिमग्याहून परत आला. हा आमच्या तळमजल्यावर राहतो. वडील गिरणीत होते, हा लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे करतो असं म्हणतो. माझ्या लाकडाबद्दल सगळ्या सोसायटीत बोभाटा झालेलाच आहे, त्यामुळे गावाहून येताना हा माझ्यासाठी काठी घेऊन आला. वर्तमानपत्रात गुंडाळून, काजरा नावाच्या कुठल्याशा रानझाडाची. म्हणाला, "काजऱ्याची आसा. तीन वर्सां माळ्यार होती, चुलीच्या धुरात. मोडूची नाय."

बघितली. काळपट. अंगावर गाठी. वरचं टोक झाडावरच वाकलेलं, त्यामुळे मूठ आपोआप तयार. कोरायला काही ठेवलंच नाही. गुराख्याच्या हातात शोभेल. दादा चेंबूरच्या बागेत बसतो, गाईंमध्ये नाही. हे मी दत्तारामला इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं नाही, पण कपाळावर आठ्या आणल्या. तो म्हणाला, बघा, आवडली तर ठेवा, आणि गेला.

सुलक्षणाला दिली, छताखालच्या दांड्यांवर कपडे वाळत घालायला. जुनी बांबूची फाटलीच होती. वाकलेल्या टोकात चादर नीट अडकते म्हणाली. प्रत्येक वस्तूची एक लायकी असते.

२ एप्रिल
वहिनींचा फोन. दादा खुर्चीतून उठत नाही. डॉक्टर चिडले, आता महिनाभरात चालला नाही तर पाय गेला म्हणाले. वहिनींनी परत टेबल पुढे केलं, तर म्हणाला, देवा करतोय ना.

दिवसभर बरं वाटलं नाही. जेवण गेलं नाही. माझ्या भावाचा पाय माझ्या हातात आहे, असं वाटत राहिलं. म्हणूनच घाईघाईत हलकं लाकूड वापरणं बरोबर नाही.

१३ एप्रिल
खरं म्हणजे चेंबूरला जायला हवं. पण काठी न घेता तोंड कसं दाखवू? पुढच्या रविवारी सुलक्षणा एकटी जाऊन येईल.

२१ एप्रिल
कपडे वाळत घालायची काठी घरातून नाहीशी. सुलक्षणाला विचारलं, तर म्हणाली, असेल कुठेतरी. काल चेंबूरहून आल्यापासून ती फारच बेफिकीर झाली आहे. एवढी मोठी तीन फुटी वस्तू हरवते आणि बाई भाजी चिरताना गाणं गुणगुणतात. केरकचऱ्यावाल्यावर माझा संशय आहे. चाळीस वर्षं क्लेम तपासले आहेत, चोरी कुठे होते ते कळतं.

२९ एप्रिल
संध्याकाळी चेंबूरला फोन. वहिनी म्हणाल्या, ते घरी नाहीत. कुणीतरी रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं असणार. विचारायचा धीर झाला नाही. मी घाईने फोन ठेवला.

६ मे
परत वहिनींचा फोन. म्हणाल्या, ते तुमची फार आठवण काढतात, कधी येताय? काठीबद्दल त्यांना तुमच्याशी बोलायचंय. मागून दादाचा आवाजही आला, धाप लागलेला, नुकताच जिना चढून आल्यासारखा. बसून बसून माणसाची काय अवस्था होते! तो बोलायला येतोय म्हटल्यावर मी नेटवर्क नाही म्हणालो. त्याने काय सुनावलं असतं ते मला ऐकायचं नव्हतं. काठी झाली की मीच जाईन, ताठ मानेने.

१२ मे
शेवटी लाकूड मिळालं. पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी चालू आहे. गेटसमोरच्या झाडाच्या चार सरळ फांद्या छाटणाऱ्या माणसाकडून मागून घेतल्या. तो म्हणाला, काका, गुलमोहर आहे, चुलीतसुद्धा धड जळत नाही. मी विचारलं, काठी जाळायची असते की धरायची? तो पुढच्या झाडाकडे वळला. अशा लोकांना एकदा उत्तर द्यावं लागतं.

१३ मे
फांद्या ओल्या आहेत आणि जराशा वाकड्या. व्हिडिओतला माणूस वजनाखाली दाबून ठेवतो. चारही आमच्या गादीखाली ठेवल्या. पँटची घडी अशीच बसते.

१६ मे
सुलक्षणा हॉलमध्ये झोपते. माझी पाठ दुखते, पण सहन करतोय. दादासाठी.

२५ मे
गादीखालून काढल्या. फांद्या होत्या तशाच वाकड्या. गादीला मात्र चार चर पडले. एका फांदीवर भार टाकून बघितला. मधोमध मोडली, फार आवाजही झाला नाही. ही फांदी चाचणीसाठीच होती.

१ जून
वजनाच्या बाबतीत मी आता वेगळा विचार करतो. म्हाताऱ्या माणसाला हलकी काठी बरी. गुलमोहर योग्यच.

१५ जून
सिंह कोरायला घेतला. दुपारपर्यंत आयाळ. रुचिरा घरी होती. जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, बटाटा छान आलाय. सिंह हा तसाही फार भडक विषय. घोडा करतो.

२२ जून
घोड्याचा कान उडाला. मग बदक. बदकाची चोच उडाली. आता गोल मूठ. साधेपणा हीच उंची, हे समजायला माणसाला काम करावं लागतं. गोल मूठही थोडी एका बाजूला गेली आहे. ती बाजू तळव्याकडे येईल.

मुदतवाढ. मंजूर असं लिहिवत नाही.

३० जून
उंबराला सोसायटीने चांदीचा मुकुट केला. माझी काठी अजून ओली आहे. लॉबीतून जाताना मी तिकडे बघत नाही.

९ जुलै
हवा दमट, लाकूड सुकेना. उरलेल्या तीन फांद्या कपड्यांच्या दांड्यांवर, पंख्याच्या वाऱ्याला ठेवायचं ठरवलं. खालून ढकलून वर सरकवायला काठी लागते. काठी नाही, कारण केरकचऱ्यावाला. स्टुलावर चढलो. स्टूल प्लॅस्टिकचं होतं. यापुढे घरात प्लॅस्टिक नको, असं सुलक्षणाला सांगितलं, जमिनीवरून.

११ जुलै
उजव्या घोट्याचं हाड तडकलं. प्लॅस्टर. सहा आठवडे. बाथरूमपर्यंत सुलक्षणाच्या खांद्यावर हात ठेवून जावं लागतं. हॉस्पिटलमध्ये चार पायांचं ॲल्युमिनियमचं देत होते. नको म्हणालो. ते टेबल घेऊन मी सोसायटीत फिरू?

गुलमोहराची काठी आणायला सांगितली. गोल मूठ हातात घेतली, जमिनीवर टेकवली, भार टाकला. तीन होत्या, आता दोन उरल्या.

१३ जुलै, रविवार
आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

अकराच्या सुमारास बेल वाजली. सुलक्षणाने दार उघडलं. दारात दादा. उभा. आपल्या पायांवर. मागे दत्ताराम, कारण लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकली होती आणि उरलेले दोन मजले तो दादाबरोबर चढून आला. दादाला मी सहा महिन्यांनी बघत होतो. रंग उन्हाने काळवंडला होता, गाल भरले होते. उजव्या हातात काठी होती. काळपट. गाठींची. वरचं टोक वाकलेलं.

डाव्या बगलेत चार पायांचं टेबल होतं.

तो आत आला. टक, टक, टक. माझ्यासमोर खुर्चीत बसला आणि म्हणाला, एप्रिलपासून एक दिवस चुकवला नाही. रोज बाग, दोन फेऱ्या, मग बाक. सुलक्षणाने काठी आणून दिली त्याच दिवशी दारापर्यंत गेला, आठवड्यात रस्त्यावर. किती वेळा फोन केले, तू बोलायलाच येत नाहीस. मग काठी मांडीवर आडवी धरून तिच्यावरून हात फिरवला.

"देवा, खरं सांगू? मला वाटलं होतं तू मुठीवर सिंहबिंह काढून वाट लावणार. तू हातच लावला नाहीस. लाकूड ओळखलंस आणि गप्प बसलास. त्याला अक्कल लागते रे."

 सुलक्षणा पाणी आणायला गेली. मी दत्तारामकडे बघितलं. त्याने खरं काय ते सांगायचं होतं, आणि सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो दादाला म्हणाला, "होय तर. लाकूड बराबर वळखल्यानी."

मी म्हणालो, "हो."

जाताना दादाने टेबल माझ्या पलंगाला टेकवून ठेवलं. मला आता लागत नाही, तुला घे, म्हणाला.

ते गेल्यावर सुलक्षणाला विचारलं. तिने शांतपणे सांगितलं: दादांना पाय पाहिजे होता, तुम्हाला लाकूड पाहिजे होतं. "ह्यांनी पाठवलीय," एवढंच मी म्हटलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काठी परत मागवून तिच्यावर सिंह कोरला असतात.

खोटं लांबून ओळखतो, असं मी या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे. ते पान फाडणार होतो. राहू दे.

१६ जुलै
टेबल वापरायला लागलो. बाथरूमपर्यंत एकटा जातो. चार पाय असल्यामुळे उभं राहतं, हे मान्य करायला हवं.

२० जुलै, रविवार
दादाचा फोन. मित्रांपैकी दोघांना अगदी तशीच काठी हवी आहे. देवाला सांग म्हणाले. करशील ना?

दत्तारामच्या दारात जाणं आलं. लिफ्ट चालू होती. लॉबीतून गेलो, टेबल पुढे, मी मागे. उंबराच्या मुकुटाजवळच्या बायकांनी मला वाट दिली. दादाला बागेत हेच नको होतं. शेवंतीवहिनींनी (दत्तारामची बायको) चहा टाकला. मी दत्तारामला सगळं सांगितलं, कपाळावर आठ्या का आणल्या तेसुद्धा. तो म्हणाला, ता तेव्हाच कळलेला. मग म्हणाला, गणपतीला गावी जातोय, दोन काठ्या तोडून माळ्यावर टाकतो. तीन वर्षांनी तयार होतील.

तीन वर्षं. मी पंधरा दिवस म्हणालो होतो.

वर आलो आणि दादाला फोन लावला. मध्ये विचार केला तर लावणार नाही, हे माहीत होतं. सांगितलं की काठी दत्तारामची आहे. मी ती कपडे वाळत घालायला दिली होती.

 तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत. "तरीच," म्हणाला, "मुठीला साबणाचा वास येतो. मी म्हटलं, पॉलिश असेल."

मग विचारलं, "मग तू इतके महिने काय करत होतास रे?"

 म्हणालो, लाकूड शोधत होतो.

यावर तो हसला नाही. म्हणाला, पुढच्या रविवारी बागेत ये, बाकावर तुझ्यापुरती जागा करतो. आणि येताना ते टेबल घेऊन ये, नाहीतर पडशील.